पियानोची आस आणि वादकाचा पाय

गाझियाबादच्या इंदिरापुरम, वैशाली, वसुंधरा अशा भागांतल्या बहुमजली इमारतींत आज एखाद्या घरी पियानो आला, तर तो बहुधा डिजिटल असतो. खोक्यातून वाद्य निघतं, स्टँड निघतो आणि सगळ्यात शेवटी एका पिशवीतून तळहाताएवढं काळं प्लास्टिकचं पेडल निघतं. त्याची वायर वाद्याच्या मागे खोचायची आणि ते जमिनीवर ठेवायचं. गुळगुळीत फरशीवर ते पायाच्या दाबासरशी पुढे सरकतं, म्हणून त्याच्याखाली पायपुसणं घालावं लागतं. सुरुवातीच्या धड्यांना त्याची गरज नसते, त्यामुळे ते बराच काळ टेबलाखाली पडून राहतं. मग कधीतरी शोपँचं नॉक्टर्न किंवा शूमानचा एखादा लहान तुकडा शिकायला मिळतो, सुरांच्या ओळींखाली 'पेड' अशी अक्षरं आणि एक चांदणी छापलेली दिसते, आणि विद्यार्थी त्या खुणांबरहुकूम पाय दाबायला आणि उचलायला लागतो. बोटांची तयारी झाली, आता वर पेडलची फोडणी द्यायची, असा एकंदर समज असतो. मला हा समज मुळातून चुकीचा वाटतो. रोमँटिक काळातल्या पियानोसंगीतात पेडल हे रचनेच्या हाडामांसाचा भाग आहे. छापलेली खूण पायासाठी आहे असं वाटतं खरं, पण ती वाचायची असते कानाने. पाय त्या कानाच्या मागून जातो.

मराठी माणसाला पायाने चालवायचं सुरांचं वाद्य नवं नाही. गंधर्व नाटक मंडळीच्या काळापासून संगीत नाटकाच्या साथीला ऑर्गन असायचा, पायपेटी अनेक घरांत असायची. तिथे पायाचं काम भाता चालवण्याचं. पाय थांबला की हवा थांबली, हवा थांबली की सूर थांबला. पियानोच्या पेडलचं काम याहून अगदी निराळं आहे. पियानोत सुमारे सव्वादोनशे तारा असतात, त्यांच्यावर नमद्याच्या हातोड्या आदळतात. जवळजवळ प्रत्येक सुराच्या तारांवर नमद्याचीच एक छोटी गादी टेकलेली असते, तिला डॅम्पर म्हणतात. पट्टी दाबली की त्या एका सुराचा डॅम्पर उचलला जातो, तार वाजते. पट्टी सोडली की डॅम्पर खाली येतो, तार गप्प होते. अगदी वरच्या दीडेक सप्तकाला डॅम्परच नसतात, कारण तिथल्या तारा इतक्या आखूड की त्यांचा आवाज आपोआप विरतो. उजवं पेडल दाबलं की हे सगळे डॅम्पर एकदम उचलले जातात. त्यातून दोन गोष्टी घडतात. वाजवलेला सूर बोट उचलल्यावरही चालू राहतो, हे सगळ्यांना कळतं. दुसरी गोष्ट नाजूक आहे. ज्या तारांना कुणी हातही लावला नाही, त्यांतल्याही नात्यातल्या तारा आपण होऊन थरथरू लागतात. सतारीच्या तरफेच्या तारा जशा मुख्य तारेच्या सुराला ओ देतात, तसंच. आपल्याकडे गवई ज्याला सुराची आस म्हणतात, ती पियानोत इथून येते. म्हणून पेडल दाबून वाजवलेला एकटा सूरही न दाबता वाजवलेल्या सुराहून रंगाने वेगळा असतो.

पियानोची एक जन्मजात उणीव आहे. हातोडी तारेवर आदळली त्या क्षणापासून सूर मरायला लागतो. पेटीचा सूर हवा असेपर्यंत एका पातळीवर टिकतो, गळ्यातला सूर तर वाढवताही येतो. पियानोवर आदळल्यानंतर सुराचं काहीच करता येत नाही. मींड नाही, घसीट नाही. आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमला बंदी केली, तेव्हा मींड आणि श्रुती या वाद्यावर येत नाहीत हा मुख्य आक्षेप होता. तो आक्षेप पियानोला दुपटीने लागू पडतो. आणि तरीही एकोणिसाव्या शतकातल्या पियानिस्टांनी या वाद्याकडून गाण्याची अपेक्षा धरली. शोपँ आपल्या विद्यार्थ्यांना गायकांना ऐका, असं सांगत असे. विरणाऱ्या सुरांचं गाणं करायचं तर विरण्याच्या आड काहीतरी उभं करावं लागतं, आणि ते काम पेडलच्या आसेने केलं. शोपँचं नॉक्टर्न, ऑपस ९ मधलं दुसरं, घ्या. ते १८३२ साली छापलं गेलं आणि आज जगभर विद्यार्थी ते शिकतात. उजव्या हातात गाणं आहे. डाव्या हातात तीन-तीन मात्रांचे गट आहेत: आधी एक खर्जाचा सूर, मग बऱ्याच वर दोन स्वरसमूह. खर्ज आणि ते स्वरसमूह यांच्यातलं अंतर माणसाच्या पंजात मावत नाही. खर्जाचा सूर लिहिला आहे एकाच मात्रेचा, पण संपूर्ण इमारत त्याच्यावर उभी आहे, म्हणून तो पुढच्या दोन मात्रांमध्येही ऐकू यायला हवा. हात तर केव्हाच वर गेलेला असतो. खर्ज धरून ठेवतो तो पाय.

आता हे जवळून पाहू. एक गट साधारण सव्वा ते दीड सेकंदाचा. नवा खर्ज वाजतो त्याच क्षणी पाय वर यायला हवा, म्हणजे मागच्या गटाचे सूर पुसले जातील. पण बोटाने खर्जाची पट्टी सोडण्याआधी पाय पुन्हा खाली जायला हवा, नाहीतर तो खर्जच हातातून निसटेल. या दोन क्षणांमध्ये सेकंदाचा लहानसा तुकडा असतो. पाय उचलायला उशीर झाला तर जुना स्वरसमूह नव्यावर सांडतो. दाबायला उशीर झाला तर वरचे स्वरसमूह तळाशिवाय अधांतरी लटकतात, आणि ऐकणाऱ्याला नेमकं काय बिघडलं हे सांगता येत नाही, फक्त वाजवणं कोरडं वाटतं. इथे पेडल काढून घेतलं तर उरतो तो डाव्या हाताचा ठेका, मूळ स्वरांचा सांगाडाच मोडतो. फोडणीची उपमा इथे टिकत नाही. मोझार्टने १७७७ साली आउग्सबुर्गहून वडिलांना लिहिलेल्या पत्रात श्टाइन या कारागिराच्या पियानोचं कौतुक केलं होतं. त्या पियानोत डॅम्पर गुडघ्याने ढकलायच्या दांडीने उचलले जात. मोझार्टला ती सोय आवडली. तरी त्याच्या बहुतेक रचना त्या दांडीशिवायही उभ्या राहतात, शोपँचं हे नॉक्टर्न राहत नाही. पेडल सोयीच्या जागेवरून रचनेच्या आत आलं ते या पंचावन्न वर्षांत.

तंबोऱ्याच्या संगतीत वाढलेल्या कानाला इथे एक प्रश्न पडेल, आणि तो रास्त आहे. सतत घुमत राहणारा सूर आपल्याला खटकत नाही, उलट त्याच्याशिवाय गाणं सुरूच होत नाही, मग पेडल सारखं बदलत बसायचं कशाला? कारण असं की आपला षड्ज हलत नाही. रागातला प्रत्येक सूर त्या एका स्थिर सुराशी नातं सांगतो. पाश्चात्त्य संगीतात आधारसूरच दर काही मात्रांनी सरकतो. आधीच्या आधारसुराची आस नव्या आधारसुरावर राहिली तर गोंगाट होतो. पण या उत्तराने प्रश्न पुरता मिटत नाही, कारण रोमँटिक रचनाकारांनाही अचल सुराचं आकर्षण होतं. शोपँच्या 'बेर्सूझ' या रचनेत, म्हणजे त्याच्या अंगाईत, डाव्या हाताचा सर्वांत खालचा सूर जवळजवळ अथपासून इतीपर्यंत तोच राहतो. हे काम १८४४ च्या सुमाराचं. षड्ज धरून त्यावर उजव्या हाताने फिरत्या, बारीक होत जाणाऱ्या ताना घेतल्यासारखी ती रचना आहे. मात्र षड्जावर एकदा मूळ स्वरसमूह आणि लगेच पंचमाचा स्वरसमूह अशी ये-जा चालू असते. पाय पूर्ण उचलून स्वच्छ केलं तर षड्ज तुटतो, पाय धरून ठेवला तर दोन स्वरसमूह एकमेकांत मिसळतात. यावर जाणते वादक पाय अर्धाच उचलतात, तोही निमिषभर. डॅम्पर तारांना ओझरते शिवतात. वरच्या बारीक तारा तेवढ्याने गप्प होतात, खालच्या जाड तारांमध्ये इतकी ताकद असते की त्या थोड्या मंदावून घुमत राहतात. षड्ज राहतो, धुकं विरतं. तंबोऱ्याची जवारी ऐकायची सवय असलेल्या कानाला हा फरक पटकन कळायला हवा, असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडच्या विद्यार्थ्याने या संगीताकडे रिकाम्या हाताने जायचं कारण नाही.

आता पहिला मोठा आक्षेप. रचनाकाराने खूण लिहून ठेवली आहे, तर वादकाने कानाबिनाच्या गोष्टी न करता ती पाळावी, असं म्हणणारे निष्ठावान लोक आहेत आणि त्यांची निष्ठा मोलाची आहे. शोपँ पेडलच्या खुणा काळजीने लिहीत असे, त्यांत खोडाखोड करून दुरुस्त्या करीत असे. पण खूण पाळायची म्हणजे काय पाळायचं, हे ठरवल्याशिवाय निष्ठा कुठे ठेवायची हेच कळत नाही. पायाची हालचाल पाळायची की त्या हालचालीतून रचनाकाराला जो आवाज मिळत होता तो? बेटहोवेनच्या 'मूनलाइट' नावाने प्रसिद्ध असलेल्या सोनाट्याच्या पहिल्या भागावर, १८०१ साली, त्याने सूचना लिहिली की हा सबंध भाग अतिशय नाजूकपणे आणि डॅम्परशिवाय वाजवावा. शब्दशः घेतलं तर पाच-सहा मिनिटं पाय खालीच. आजच्या पियानोवर तसं केलं तर काही ओळींतच चिखल होतो. कार्ल चेर्नी हा बेटहोवेनचा प्रत्यक्ष शिष्य. त्याने १८४० च्या दशकात लिहिलेल्या पुस्तकात याच भागासाठी सांगितलं की खर्जाच्या प्रत्येक सुराबरोबर पेडल नव्याने घ्यावं. बेटहोवेनच्याच तिसऱ्या पियानो कॉन्चेर्टोच्या संथ भागाबद्दल तर तो आणखी स्पष्ट आहे. हा कॉन्चेर्टो १८०३ साली व्हिएन्नात पहिल्यांदा वाजला, तेव्हा बेटहोवेनने त्या भागातली मुख्य चीज सबंध एकाच पेडलमध्ये वाजवली. त्या वेळच्या क्षीण आवाजाच्या पियानोंवर ते शोभलं, पण आताचे पियानो दमदार झाले आहेत, म्हणून आता स्वरसमूह बदलेल तसं पेडल बदलावं, असं चेर्नीचं म्हणणं. गुरूवर त्याची श्रद्धा होती, गुरूचं वाजवणं त्याने कानांनी ऐकलं होतं, आणि तरी चाळीसेक वर्षांत त्याने गुरूच्या पायाची हालचाल बदलली, गुरूचा आवाज टिकवण्यासाठी.

चेर्नीने हे लिहिल्यावर वाद्य थांबलं नाही. बेटहोवेनच्या काळी पियानोची चौकट लाकडी होती, तारा बारीक होत्या, हातोड्यांवर चामडं असे. पुढे हातोड्यांवर नमदा आला, अख्खी ओतीव लोखंडी चौकट आली. श्टाइनवे, बेखश्टाइन आणि ब्ल्युथनर या तिन्ही कंपन्या १८५३ साली स्थापन झाल्या, म्हणजे शोपँच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी. श्टाइनवेने १८५९ साली मोठ्या पियानोत खर्जाच्या तारा इतर तारांवरून तिरक्या ताणण्याचं पेटंट घेतलं. आजच्या मोठ्या पियानोच्या चौकटीवर तारांचा एकूण ताण सुमारे २० टनांचा असतो. शोपँला प्रिय असलेल्या प्लेयेल पियानोवर सूर लवकर विरत असे, डॅम्पर हलके असत आणि खालच्या, मधल्या, वरच्या सप्तकांचे आवाज रंगाने वेगवेगळे असत. अशा वाद्यावर चार मात्रांचं पेडल पातळ मलमलीच्या पडद्यासारखं पडतं. तेच आजच्या कॉन्सर्ट ग्रँडवर घोंगडीसारखं पडू शकतं. वॉर्साला २०१८ साली जुन्या वाद्यांवर वाजवण्याची पहिली शोपँ स्पर्धा झाली. तिथलं वादन ऐकलं की आजवर विचित्र वाटलेल्या कित्येक लांब खुणा एकदम अर्थपूर्ण वाटू लागतात. शिवाय हाती असलेली खूण रचनाकाराचीच आहे, याची खात्री कुणी द्यायची? शोपँच्या रचना पॅरिस, लाइपझिग आणि लंडन अशा तीन ठिकाणी जवळपास एकाच वेळी छापल्या जात, आणि या तीन छापांमध्ये पेडलच्या खुणा जागोजागी जुळत नाहीत. नंतरच्या संपादकांनी आपल्या समजुतीने त्यांत भर घातली. इंटरनेटवरून फुकट उतरवलेली प्रत बहुधा अशाच एखाद्या जुन्या, हक्क संपलेल्या आवृत्तीची असते. शूमान तर कित्येकदा सुरुवातीला नुसतं 'पेडल' एवढंच लिहितो आणि पुढचं वादकावर सोडतो. ब्राम्सच्या शेवटच्या पियानोतुकड्यांत पानंच्या पानं एकही खूण भेटत नाही. खूण नाही म्हणून पाय काढून घेतला तर ते तुकडे कोसळतील.

दुसरा आक्षेप बरोबर उलट दिशेने येतो आणि तो शिकवणाऱ्यांकडून येतो. खुणा इतक्या बेभरवशाच्या असतील तर त्यांच्या नादी लागूच नये, स्वच्छ वाजवावं, स्वरसमूह बदलला की पेडल बदलावं आणि मोकळं व्हावं. या मताला जुनी परंपरा आहे. पियानिस्ट हुमेलने १८२८ सालच्या आपल्या मोठ्या ग्रंथात पेडलच्या अतिरेकावर टीका केली. क्लारा शूमानचे वडील फ्रीडरिख वीक यांनी १८५३ सालच्या पुस्तकात सतत पेडल दाबून ठेवणाऱ्यांवर आग पाखडली. पहिल्या वर्षीच्या विद्यार्थ्यासाठी हा नियम मलाही मान्य आहे. पाय घसरू लागला की बोटांचा आळस त्याच्याखाली झाकला जातो, हे खरंच आहे. पण हा नियम रोमँटिक संगीताचा अर्थ म्हणून मान्य करता येत नाही, आणि त्याला इतिहासाचाही आधार कमी आहे. सूर वाजल्यानंतर पाय दाबायची पद्धत, जिला उशिराचं पेडल म्हणता येईल, ती पुस्तकांतून आणि वर्गांतून व्यवस्थित शिकवली जाऊ लागली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. हान्स श्मिट यांचं पेडलवरचं व्हिएन्नातलं पुस्तक १८७५ चं. त्याआधीच्या पिढीत सुराबरोबर, ठोक्यावरच पाय दाबण्याची रीत बरीच रुळलेली होती, आणि दोन स्वरसमूहांमध्ये मधूनमधून क्षणभर कोरडी जागा पडणं हा त्या वाजवण्याच्या श्वासाचा भाग होता. आज आपण ज्याला निर्दोष पेडल म्हणतो, ते रचनाकारांच्या कानात होतंच असं नाही. मिसळलेला आवाजही काही ठिकाणी मुद्दाम मागितलेला आहे. बेटहोवेनच्या 'टेम्पेस्ट' सोनाट्यात सगळं वादळ थांबतं आणि एक एकटी सुरावट बोलू लागते. तिच्या सबंध लांबीवर एकच पेडल लिहिलेलं आहे. शेजारशेजारचे सूर एकमेकांवर रेंगाळतात आणि तो आवाज दगडी गाभाऱ्यातून आल्यासारखा लागतो. नियमाप्रमाणे तो स्वच्छ केला की त्या ओळीत उरतात ते नुसते ओळीने मांडलेले सूर. उलट शूमानच्या 'पापियों' या १८३१ साली पुऱ्या झालेल्या रचनेच्या अखेरीस एक स्वरसमूह वाजतो आणि त्याचे सूर एकेक बोट उचलून, एकामागून एक, विझवायचे असतात. मेजवानी संपून दिवे मालवले जावेत तसे. तिथे पाय पेडलवर राहिला तर काहीच विझत नाही. कुठे पाय ठेवायचा नाही, हे ठरवणंही पेडलचंच काम आहे.

एवढं मान्य केलं की खरी अडचण समोर येते ती खोलीची, आणि इथे गाझियाबादच्या घराकडे परत यावं लागतं. पेडल जे मोकळं सोडतं ते खोलीत जाऊन काय होतं, हे खोली ठरवते. काँक्रीटच्या भिंती, टाइल्सची फरशी, काचेचे सरकते दरवाजे आणि मोजकं फर्निचर असलेला दिवाणखाना आवाज परतवतो. अशी खोली स्वतःच थोडं पेडल दाबून बसलेली असते. हिवाळ्यात जाड पडदे लागले, गालिचा पसरला, की तीच खोली आवाज पिऊ लागते. मे-जूनमध्ये लू सुटते तेव्हा दिवसभर कूलर किंवा एसी चालू असतो, आणि त्या घरघरीत सुराच्या आसेचं शेपूट बुडून जातं. ते ऐकू येत नाही म्हणून पाय जास्त वेळ खाली राहतो. खरा पियानो असेल तर वेगळीच भर पडते. उन्हाळ्याच्या कोरडेपणातून पावसाळ्याच्या दमटपणात जाताना लाकूड फुगतं, सूर उतरतो किंवा चढतो, डॅम्परच्या नमद्यावर धूळ बसून तो कडक होतो आणि नीट दाबत नाही. मग एखादा सूर पाय उचलूनही कण्हत राहतो आणि वादकाला वाटतं आपलंच चुकलं. डिजिटल वाद्यावर या अडचणी नसतात, त्याऐवजी हेडफोन येतो. रात्री शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून सराव हेडफोन लावून होतो. हेडफोनमध्ये ऐकू येतो तो दुसरीकडे कुठेतरी मायक्रोफोनपुढे ध्वनिमुद्रित केलेला पियानो, आपल्या खोलीचा त्यात काहीच वाटा नसतो. सहा महिने हेडफोनमध्ये घडवलेला पाय चाणक्यपुरीतल्या दिल्ली स्कूल ऑफ म्युझिकसारख्या ठिकाणी खऱ्या पियानोवर गेला, की तिथे प्रत्येक गोष्ट जास्तीची होते. विद्यार्थी हबकतो आणि पाठ केलेल्या पेडलला घट्ट धरून बसतो. म्हणूनच पेडल पाठ करायची गोष्ट नाही, असं मी आग्रहाने म्हणतो. शोपँची खूण तीच, पण बाराव्या मजल्यावरच्या दिवाणखान्यातला पाय एक आणि सभागृहातला दुसरा असेल, तर दोन्ही ठिकाणी शोपँशीच इमान राखलं गेलं.

यावर सर्वांत व्यावहारिक आक्षेप उरतो. अर्धं पेडल, तरफेच्या तारांसारखी आस, हे सगळं मोठ्या पियानोचं. तळहाताएवढ्या प्लास्टिकच्या पेडलवर हे सांगून काय उपयोग? या आक्षेपातलं सत्य आधी नीट मान्य करू. डिजिटल वाद्याच्या आतल्या भाषेत पेडलची स्थिती ० ते १२७ अशा आकड्यांनी सांगता येते, पण खोक्यातून येणारं साधं पेडल नुसतं बटण असतं. त्याला फक्त दोनच आकडे ठाऊक, पहिला आणि शेवटचा. पाय अर्धा उचलला तरी वाद्याला ते कळत नाही. काही स्वस्त वाद्यांत एका वेळी चालू राहू शकणाऱ्या आवाजांची संख्या ६४ वर थांबते. लांब पेडलमध्ये ती मर्यादा ओलांडली की वाद्य जुना सूर गुपचूप सोडून देतं, आणि जुना सूर म्हणजे बहुतेकदा तोच खर्ज, ज्याच्यासाठी पेडल धरलं होतं. ज्याला शोपँ, शूमान वाजवायचे आहेत त्याने पट्ट्यांच्या संख्येवर आणि नाना तऱ्हेच्या आवाजांवर पैसे घालण्याआधी अर्ध्या दाबाला ओळखणारं पेडल घ्यावं, हे मी निःसंकोच सांगेन. पण ते नसलं तरी मोठा भाग हातात राहतो. केव्हा दाबायचं आणि केव्हा उचलायचं हे बटणावरही शिकता येतं, आणि पेडलचा निम्म्याहून अधिक अर्थ या वेळेतच आहे. नॉक्टर्नचा डावा हात एकटा, संथ लयीत, उजव्या हाताशिवाय वाजवावा. प्रत्येक खर्जानंतर थांबून विचारावं की मागच्या गटातलं काही अजून ऐकू येतंय का, आणि खर्ज अजून जिवंत आहे का. दोन्ही उत्तरं बरोबर येईपर्यंत उजवा हात लावू नये. हा सराव वाद्य कितीही स्वस्त असलं तरी फुकट जात नाही. तो पायाला लावायचा आहे असं दिसतं, पण घडतो तो कान, आणि तो कान पुढे कुठल्याही वाद्यावर बरोबर जातो.

बटणावर न शिकता येणारी एक जागा मात्र खरंच आहे, आणि ती ऐकण्यासाठी एकदा तरी खऱ्या पियानोपाशी जावं. शूमानने १८३४-३५ मध्ये लिहिलेल्या 'कार्निव्हल' या मालिकेत 'पागानीनी' नावाचा छोटा, धावता तुकडा आहे. त्याच्या शेवटी जोरकस स्वरसमूह आदळतात, पाय खाली असतो, सगळ्या तारा मोकळ्या असतात आणि सबंध वाद्य दणाणून जातं. मग शूमान एक वेगळाच स्वरसमूह लिहितो, अत्यंत हळू. त्याच्या पट्ट्या इतक्या सावकाश दाबायच्या की हातोड्या तारांवर पोहोचूच नयेत, असा त्याचा अर्थ वादक लावत आले आहेत. त्या क्षणी कानाला काही कळत नाही, कारण दणका अजून चालू असतो. मग पाय वर येतो. सगळे डॅम्पर खाली पडतात आणि दणका विझतो. फक्त ज्या पट्ट्या बोटांनी आवाज न करता धरून ठेवल्या आहेत त्यांच्या तारा मोकळ्या राहतात, आणि मघाच्या दणक्याने त्या आपण होऊन हललेल्या असतात. बटणाच्या पेडलवर, साध्या डिजिटल वाद्यावर इथे नुसती शांतता पसरते. खऱ्या तारांवर त्या शांततेतून एक स्वरसमूह वर येतो, लांबून आल्यासारखा, ज्याला कुठल्याच हातोडीने स्पर्श केलेला नसतो.